चार पूर्णांक तीन तारे आणि डोक्यावरचं विमान

घाटकोपर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की मोबाइलच्या सामानाच्या टपऱ्या सुरू होतात. चार्जर, काचा, कव्हरं आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यांत पुढच्या रांगेत मांडलेल्या बिनवायरीच्या इअरफोनच्या डब्या. मागे एकदा अशीच एक डबी उचलून मी विचारलं, "जरा लावून ऐकू का रे?" पोरगा हसला. "काका, कानात घालायची वस्तू आहे. सील फोडलं तर पुढचा कोण घेणार? त्यापेक्षा रेटिंग बघा ना." आणि त्यानं स्वतःच्या मोबाइलवर त्याच मॉडेलचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. चार पूर्णांक तीन तारे आणि खाली अभिप्रायांची न संपणारी रांग.

वस्तू माझ्या तळहातावर, विकणारा समोर, माझे दोन्ही कान शाबूत. तरी आवाज कसा आहे याचा पुरावा म्हणून मला दाखवले गेले ते मी कधीही न भेटलेल्या माणसांचे शब्द. आणि खरं सांगतो, मी ते वाचले, आणि वाचून पैसेही दिले.

कपड्याला हात लावून बघता येतो, आंब्याचा वास घेता येतो. आवाजाच्या वस्तूचं मात्र आज विचित्र झालं आहे. ज्या कारणासाठी ती घ्यायची तेवढंच सोडून बाकी सगळं दुकानात दिसतं: रंग, डबी, बॅटरीचे तास. म्हणून इतर कुठल्याही खरेदीपेक्षा इथं दुसऱ्याच्या सांगण्यावर भिस्त जास्त. कोर्टात साक्षीदाराला आधी विचारतात, तू उभा कुठे होतास आणि तिथून तुला काय दिसत होतं. ऑडिओच्या वस्तूंवर लिहिणाऱ्या वापरकर्त्यांना आपण हा प्रश्न विचारत नाही, थेट निकाल मागतो. या परीक्षणांच्या उपयोगाबद्दल आणि खरेपणाबद्दल जगभरात जे काही तपासलं गेलं आहे ते बघत गेलं, की सगळा घोळ या न विचारलेल्या प्रश्नापाशी येऊन थांबतो असं माझं मत झालं आहे.

पूर्वी काय होतं? लॅमिंग्टन रोडला जायचं, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला. दुकानदार डेक जोडून द्यायचा, त्याच्या आवडीची कॅसेट लावायचा आणि ज्या मॉडेलवर त्याला जास्त सुटत असेल त्याचा आवाज हळूच दोन घरं वर ठेवायचा. ही लबाडी अगदी शास्त्रशुद्ध होती. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो आणि आवाज वाढला की खर्ज भरून येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं. जरा मोठ्यानं लावलेली वस्तू गिऱ्हाइकाला 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते. आजही दोन उपकरणांची तुलना प्रामाणिकपणे करायची तर दोन्हींचा आवाज डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत सारखा करून घ्यावा लागतो. घरी बसून परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी हे किती जण करत असतील ते वाचकानंच ठरवावं.

खोक्यावरचे आकडे तर विचारूच नका. नव्वदच्या दशकातल्या टू-इन-वनवर '१००० वॅट पीएमपीओ' छापलेलं असे आणि ते यंत्र भिंतीतून पन्नास वॅट वीजही ओढत नसे. क्षणभराचा, कागदावरचा, कशालाही न बांधलेला आकडा. आपल्याकडे आवाजाच्या शब्दांचं असंच होतं. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरला अख्खा महाराष्ट्र 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बीनं नाव कमावलं ते टेपमधली खरखर कमी करून, हे सांगितलं तर मंडळातली पोरं हसतील.

आकड्यांवर विश्वास नव्हता, दुकानदारावर अर्धाच होता. मग उरत होता तो नातेवाईक. "मामाकडे तोच आहे, दहा वर्षं झाली, एकदा फक्त बेल्ट बदलला." या वाक्यात आवाजाबद्दल अवाक्षर नाही. पण मामा कोण, तो वस्तू कशी वापरतो, उगाच कौतुक करतो की नाही, हे सगळं ऐकणाऱ्याला माहीत असायचं. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून वाणसामान आणायला सुरुवात केली, त्यामागेही हीच गोष्ट होती. तूरडाळ शिजत नसेल तर ते सांगणाऱ्या वहिनी तुमच्याच जिन्यावर राहत होत्या. दुसरीकडे प्रयोगशाळेचा मार्ग होता. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून आणि ब्रिटनमध्ये 'विच?' १९५७ पासून वस्तू विकत आणून तपासत आले. आपल्याकडे अहमदाबादच्या आणि दिल्लीच्या ग्राहकसंस्थांनी तसं काम केलं. ओळखीचा माणूस किंवा मोजणारं यंत्र, असे ते दोन आधार. मोबाइलवरच्या परीक्षणात दोन्ही नाहीत. त्याऐवजी संख्या आहे. हजारो माणसं कशी चुकतील, असं आपण मनाशी म्हणतो.

चुकू शकतात, आणि सगळी एकाच दिशेनं चुकू शकतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत मांडलेला प्रयोग या सगळ्या विषयाचा पाया आहे. चाळीस माणसं, चार स्पीकर. एकदा पडद्याआडून ऐकवले, एकदा समोर दिसत असताना. ऐकणारे एका ऑडिओ कंपनीतलेच, म्हणजे अनोळखी कान नव्हेत. पडद्याआड असताना एक छोटासा, स्वस्त, प्लास्टिकचा संच चांगले गुण घेऊन गेला. पडदा काढल्यावर तोच खाली घसरला आणि भारदस्त दिसणारे स्पीकर वर चढले. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआडून ऐकणाऱ्यांना तो बदल नीट कळत होता, डोळ्यांनी बघणाऱ्यांना तेवढा कळेना. डोळा कानाच्या कामात नुसती लुडबुड करतो असं नाही, तो कानाला बसवून स्वतःच उत्तर लिहितो.

आता विचार करा, घरी परीक्षण लिहिणारा माणूस पडद्याच्या कुठल्या बाजूला असतो? त्याला नाव माहीत, किंमत माहीत, आधीच्या हजार लोकांचं मत माहीत. शिवाय खिशातून पैसे गेलेले. पंधरा हजार रुपये मोजल्यावर "माझी चूक झाली" असं लिहायला मोठं मन लागतं. 'स्वतःच्या पैशानं घेतलंय, म्हणजे खरंच सांगणार' असं आपण समजतो. स्वतःचे पैसे गेल्यानं माणूस कंपनीशी प्रामाणिक राहायला मोकळा होतो हे खरं, पण स्वतःशी प्रामाणिक राहणं त्याला तितकंच अवघड जातं.

बारीक फरकांची गोष्ट तर आणखी मजेदार. २००७ साली बॉस्टनच्या दोन शौकिनांनी, मेयर आणि मोरान यांनी, सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाचा आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर आणून ऐकवल्याचा फरक कळतो का ते तपासलं. ५५४ वेळा विचारलं. बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा, साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा आकडा निघाला ५२.३ टक्के. म्हणजे फरक अगदीच नाही असं नव्हे, पण तो पकडायला शांत खोली, सराव आणि चिकाटी लागते. आणि इकडे परीक्षणात लिहिलेलं असतं, "केबल बदलली आणि लताबाई खोलीत येऊन गायल्या!" लिहिणारा खोटं बोलत नाही. त्याला तसं ऐकू आलं, एवढंच. पण ते त्याच्या डोक्यात घडलं की तारेत, याची साक्ष तो देऊ शकत नाही.

मात्र यावरून "सामान्य माणसाला आवाजातलं काय कळतं" असा निष्कर्ष काढणाऱ्या पंडितांचीही सोय नाही. त्याच ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ श्रोत्यांवर केलेल्या पाहणीत दिसलं, की डोळ्यांआड ऐकवलं तर तरबेज आणि अनभ्यस्त माणसांची आवडनिवड जवळपास सारखीच निघते. तरबेजांची उत्तरं जास्त ठाम आणि सातत्याची असतात, एवढाच फरक. म्हणजे आपले कान ठीक आहेत, ऐकण्याची परिस्थिती ठीक नाही.

परिस्थितीवरून आठवलं. मी जिथं राहतो तिथं दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून येणारी विमानं घाटकोपर, असल्फा ओलांडून चाकं टेकवतात. आमच्या घरी पाहुणे आले की बोलता बोलता मध्येच थांबतात. आम्ही थांबत नाही, आवाज वाढवतो आणि विमान गेल्यावर कमी करायला विसरतो. इथं बसून कुणी 'बाहेरचा आवाज बंद करणाऱ्या' हेडफोनला दोन तारे दिले आणि वाईच्या एखाद्या वाड्यातल्या माणसानं पाच दिले, तर दोघंही खरे. ते तंत्र पंख्याची, एसीची, इंजिनाची एकसुरी खालची घरघर चांगली कापतं. कुकरची शिटी, भाजीवाल्याची हाळी, लोकलमधला "आत चला, आत चला" हा गलका त्याला तेवढा आवरत नाही. म्हणून 'नॉइज कॅन्सलिंग बेकार' हे वाक्य कुठे बसून लिहिलं ते कळल्याशिवाय निरर्थक आहे.

खोलीचंही तेच. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला कपाट, दुसरीला दिवाण, आणि साउंडबार ठेवायला टीव्हीखालची फळी. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्या हिशेबानं दहा फुटी अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा आणि बारा फुटी अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीभिंतींत अडकून फुगतो. नेमका याच पट्ट्यात सिनेमातला दणका आणि गाण्यातला किक ड्रम असतो. मग घाटकोपरचा गिऱ्हाईक लिहितो, "बेस घुमतो, डोकं दुखतं." मोठ्या दिवाणखान्यातला नागपूरकर लिहितो, "बेस अजिबात नाही, फसवणूक." वस्तू एकच. वेगळी होती ती भिंत. खरं म्हणजे या दोघांनी आपापल्या खोल्यांचं परीक्षण लिहिलं आहे, आणि तसं समजून वाचलं तर दोन्ही परीक्षणं कामाची आहेत.

कानात घालायच्या इअरफोनमध्ये तर ही खोली म्हणजे तुमचा कान. सोबत आलेल्या तीन मापांच्या रबरी टोकांपैकी चुकीचं माप लावलं, कानाशी फट राहिली, की खर्ज गळून जातो आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. 'बेस नाही' म्हणून एक तारा देणाऱ्यांतल्या कितीकांनी डबीतली दुसरी दोन मापं बाहेरच काढलेली नसतात. आमच्या शेजारचा मुलगा असाच इअरफोन परत करायला निघाला होता. मी मोठं टोक लावून दिलं. "काका, हा दुसराच इअरफोन वाटतोय," म्हणाला. त्यानं आधी दिलेले दोन तारे मात्र अजून तसेच आहेत. बदलायला वेळ कुणाला असतो?

आणखी एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. 'माइक एकदम क्लिअर' असं जो लिहितो, त्यानं तो माइक ऐकलेलाच नसतो. ऐकलेला असतो पलीकडच्या माणसानं. माइकबद्दल खरं परीक्षण त्याच्या बायकोनं लिहायला हवं.

हे झालं प्रामाणिक माणसांचं. आता लबाडांकडे वळू, त्यांच्याबद्दल थोडक्यात पुरे, कारण तिथं गुंतागुंत कमी आहे. २०१९ मध्ये 'विच?'नं एका बड्या विक्रीसंस्थळाची पाहणी केली तेव्हा हेडफोनच्या पहिल्या पानावर सगळी अनोळखी नावं सापडली. एका हेडफोनला ४३९ परीक्षणं, सगळी पाच ताऱ्यांची, खरेदीची खातरजमा नसलेली आणि सगळी एकाच दिवशी आलेली. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे कारखाने कसे चालतात ते तपशिलात आलं: समाजमाध्यमावरच्या गटांत लोकांना गाठायचं, वस्तू विकत घ्यायला लावायची, पाच तारे पडले की पैसे परत. म्हणजे 'खरेदीची खातरजमा' हा शिक्काही तिथं खराच असतो. माझ्या एका खरेदीच्या डबीतही चिठ्ठी निघाली होती: पाच तारे द्या, पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, शंभर रुपये मिळवा. नाव सांगत नाही. अशी चिठ्ठी बऱ्याच घरांत निघाली असेल. मी ती ठेवून दिली आहे. शंभर रुपयांचा मोह झाला नाही असं मात्र म्हणणार नाही.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग घेऊन परीक्षण लिहायला मनाई आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन परीक्षणांसाठी स्वतंत्र मानकच काढलं, आयएस १९०००:२०२२. परीक्षणं गोळा कशी करावीत, लिहिणाऱ्याची ओळख कशी पडताळावी, प्रसिद्ध करताना काय पाळावं, सगळं त्यात आहे. पण ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. हेल्मेट सक्तीचं असूनही काय होतं ते पूर्व द्रुतगती मार्गावर उभं राहून पाहावं, मग ऐच्छिक मानकाचं काय! अमेरिकेनं २०२४ मध्ये खोट्या परीक्षणांवर बंदीचा नियम केला आणि प्रत्येक उल्लंघनाचा कमाल दंड पन्नास हजार डॉलरांहून जास्त ठेवला. दंडाचा आकडा असला की मानकाकडे लोक जरा लक्ष देऊन बघतात.

पण समजा, उद्या एकही खोटं परीक्षण उरलं नाही. तरी ताऱ्यांची सरासरी आपल्याला फारसं काही सांगणार नाही. आधी लिहितो कोण? फार खूश झालेला आणि फार चिडलेला. मधला माणूस वस्तू वापरतो आणि गप्प बसतो. म्हणून ताऱ्यांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा होतो, हे २००९ पासून अभ्यासक सांगत आहेत. दुसरं, आधीचं मत पुढच्याला ओढतं. २०१३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात बातम्यांवरच्या प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक खोटी पसंती दिली, तर त्यांची अंतिम गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. तिसरं आणि मोठं: २०१६ मध्ये डी लांग आणि सहकाऱ्यांनी १२० प्रकारच्या १२७२ वस्तूंचे तारे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्या चाचण्यांशी ताडून पाहिले. जास्त तारे असलेली वस्तू चाचणीतही सरस ठरण्याची शक्यता निघाली ५७ टक्के. यावर इतामार सिमॉन्सन यांनी आक्षेप घेतला की प्रयोगशाळेचे गुण हेच अंतिम सत्य का मानायचं, आणि ताऱ्यांच्या आधी लोक नुसत्या नावाला आणि जाहिरातीला भुलत होते त्याचं काय? आक्षेप वजनदार आहे. पीएमपीओ वॅटच्या तुलनेत चार पूर्णांक तीन तारे नक्कीच बरे. पण ४.३ आणि ४.१ यांत ४.३ घेणाऱ्याला त्यातून फार धीर मिळू नये.

मग किमतीवरून ठरवावं? तेही नाही. जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कुठला सूर किती उचलून धरतो, याचा आणि किमतीचा काही संबंध सापडला नाही. गरीब शौकिनांना मी ही बातमी आवर्जून सांगतो.

एवढं सगळं वाचून परीक्षणं बघणं सोडावं का? मी सोडलेलं नाही. उलट जास्त वाचतो, पण वेगळ्या गोष्टींसाठी. आवाज सोडून बाकी बहुतेक बाबतींत वापरणारा माणूस पहिल्या प्रतीचा साक्षीदार असतो, आणि तिथं त्याची बरोबरी प्रयोगशाळाही करू शकत नाही. हेडफोनचं बिजागर डाव्या बाजूला आठव्या महिन्यात तडकतं. कानाच्या गादीवरच्या नकली चामड्याला एका पावसाळ्यात पोपडे येतात; मुंबईच्या दमटपणाचा अनुभव असलेला माणूसच हे लिहितो, पुण्याचा लिहीत नाही. उजवा इअरफोन डबीत नीट बसत नाही म्हणून चार्ज होत नाही. घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर संध्याकाळी साडेसहाला आवाज तुटतो. शेकडो बिनवायरी यंत्रं एकाच लहरीपट्ट्यात कोंबली गेल्यावर तुटणारच. सर्व्हिस सेंटरनं वस्तू घेतली आणि सहा आठवडे फोन उचलला नाही. ही सगळी डोळ्यांनी पाहिलेली, हातांनी अनुभवलेली गोष्ट असते. तिथं अपेक्षेची भूल चालत नाही; तुटलेलं बिजागर महाग म्हणून जोडलेलं दिसत नाही.

यात खरंखोटं पारखायची सोयही आहे. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला बिजागर माहीत नसतं. तो "साउंड क्वालिटी सुपर, पैसा वसूल, डिलिव्हरी फास्ट" लिहून मोकळा होतो. वेगवेगळ्या गावांतली तीस माणसं, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत तीच डावी बाजू म्हणतात, तेव्हा त्या साक्षीला मी मान देतो. तारे न बघता आधी दोन-तीन ताऱ्यांची परीक्षणं उघडायची, हा आता जुना सल्ला झाला, पण त्यामागचं कारण हे आहे: मधल्या माणसाला रागही नसतो आणि बक्षीसही नसतं. त्यातही तारीख बघायची. खरेदीनंतर चौथ्या दिवशी लिहिलेलं म्हणजे साखरपुड्यातलं मत. आणि 'शंभर तास वाजवल्यावर आवाज मोकळा झाला' असं कुणी लिहिलं, तर मोकळं झालं ते बहुधा यंत्र नसतं, त्या आवाजाला सरावलेला कान असतो.

व्यावसायिक परीक्षकांचं काय, असं विचाराल. त्यांच्याकडे उपकरणं असतात, दहा वस्तू शेजारी ठेवून ऐकता येतात, आणि मोजमापं छापणारा परीक्षक असेल तर तो सोन्याचा. पण वस्तू बहुतेकदा कंपनीनं पाठवलेली, म्हणजे निवडून पाठवलेली असू शकते. आणि दोन आठवड्यांत ती परत जाते. आठव्या महिन्यातलं बिजागर त्याला कधीच भेटत नाही. फुकट वस्तू किंवा पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट सांगावं, अशी मार्गदर्शक सूचना ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ च्या जानेवारीत काढली आहे. व्हिडिओत ती ओळ शोधून काढणं हा एक वेगळाच छंद होऊ शकतो.

एक तक्रार माझी आपल्याच माणसांबद्दल आहे. २०२० च्या अखेरीस मनसेनं मराठीसाठी 'नो मराठी, नो अ‍ॅमेझॉन' म्हणत मोहीम केली, २०२१ मध्ये तिथं मराठी आलीही. बटणं मराठी झाली. परीक्षणं मात्र 'गुड प्रॉडक्ट'च्या पलीकडे गेली नाहीत. ज्या भाषेत आवाज फाटतो, बसतो, चिरकतो, घुमतो, भरदार होतो, पातळ पडतो, खणखणीत वाजतो, त्या भाषेचा माणूस आवाजाच्या वस्तूबद्दल लिहिताना मुका होतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना दोरा किंचित सरकवून जो फरक ऐकतात, तो सांगायला त्यांना इंग्रजी लागत नाही. आणि परीक्षणासाठी तंबोऱ्याइतकी चांगली कसोटी दुसरी नाही: चार तारा, एकसारख्या छेडलेल्या, त्यांतून उठणारी वरच्या स्वरांची भिंगरी. स्वस्त इअरफोनवर ती एक तर विरून जाते किंवा कानाला टोचते. कुणी लिहिलं की "तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येते, पण भजनातल्या झांजा टोचतात," तर त्या एका वाक्यानं मला दोनशे 'बेस कडक है भाई'पेक्षा जास्त कळेल. तो माणूस काय ऐकतो तेही कळेल, आणि साक्षीदाराची ओळख पटेल. मामा परत सापडेल.

तेव्हा वाचकांकडे एक मागणं. इअरफोन, स्पीकर, साउंडबार, जे काही घेतलं असेल त्याबद्दल सहा महिन्यांनी मराठीत चार ओळी लिहा. कुठल्या फोनला जोडता, कानाला कुठलं माप लावता, खोली केवढी आहे, काय ऐकता, आणि आतापर्यंत काय तुटलं, एवढंच. तारे किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि डबीत चिठ्ठी निघाली तर तिचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा, नंबर १९१५. वस्तूच सदोष निघाली आणि कुणी दाद दिली नाही, तर आपल्या उपनगर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग वांद्रे पूर्वेला आहे.

टपरीवरच्या त्या इअरफोनचं परीक्षण मी गेल्या आठवड्यात लिहिलं. सात महिने वापरला, मधल्या मापाचं टोक, दहा बाय बाराची खोली, वर विमानं. गायकाचा आवाज भरदार, तंबोरा जरा कोरडा, झाकणाचं चुंबक सैल झालंय. माइकबद्दल बायकोला विचारलं. ती म्हणाली, विहिरीतून बोलल्यासारखं येतं. तेही लिहिलं. तीन तारे दिले.